डोंगराचं लिही

सँटोरिनी बेटाचे फोटो तुम्ही पाहिलेच असतील. आमच्या मुलुंडमध्ये लग्नाच्या हॉलपासून पार्लरच्या काचेपर्यंत सगळीकडे ते निळे घुमट आणि ती पांढरी घरं चिकटवलेली असतात. त्या घुमटांबद्दल मी लिहिणार नाही, ते मी लांबूनच पाहिले. बेटाच्या दुसऱ्या बाजूला एक डोंगर आहे आणि त्याच्या माथ्यावर अडीच हजार वर्षांहून जुनं ओसाड गाव आहे, प्राचीन थिरा. आमची बोट त्या बेटापाशी एक दिवस थांबली तेव्हा आई, दादा आणि मी त्या डोंगरावर जाऊन आलो. दादा तो डोंगर चढत होता तेव्हा त्याला नोकरी नव्हती. ती माझ्यामुळे गेली होती. त्याला हे माहीत होतं, मला नव्हतं.

हे आधीच सांगून टाकते. मुख्य मुद्दा पहिल्या परिच्छेदात आला पाहिजे, अशी आमच्या घरची शिस्त आहे.

बोटीवर

दादा चार वर्षं क्रूझवर प्रवाशांच्या खोल्या साफ करत होता. हॉटेलचा कोर्स त्याने बेकरीसाठी केला होता. पाव फुगताना बघत बसणारा मुलगा तो. बोटीवर मात्र त्याच्या हातात चादरी आणि संडासाचा ब्रश आला. प्रत्येक करार संपताना तो बेकरीत बदली मागायचा. यंदा ती मंजूर झाली. पुढच्या करारापासून तो बोटीच्या बेकरीत जाणार होता. त्या आनंदात त्याने आईला बोलावलं, कारण कर्मचाऱ्यांच्या घरच्यांना रिकाम्या खोल्या सवलतीत मिळतात. आई एकटी येईना, म्हणून तिच्यासोबत मी.

बाबा आले नाहीत. त्यांचा मुलुंडच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये छपाईचा गाळा आहे. आजोबा गिरणीत होते, बाबांनी गिरणी कामगारांची पत्रकं छापली, आणि मी त्या पत्रकांच्या कोऱ्या पाठीवर अ आ इ गिरवले. आता गाळ्यात लग्नपत्रिका आणि बिलबुकं निघतात, पण जुनं पायाने चालवायचं यंत्र आणि शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या पेट्या बाबांनी काढलेल्या नाहीत.

"मालकांच्या बोटीत मी पाहुणा म्हणून बसू?" बाबा म्हणाले.

"तुमचा मुलगा तिथे कामगार आहे."

"म्हणूनच."

मी जायचं ठरवलं ते मनाशी एक काम घेऊन. दादा फोनवर तुकड्यातुकड्याने सांगायचा. आठवड्याची सुट्टी हा प्रकारच नाही. ताप आला तरी खोल्यांचा आकडा तोच. झोपायची खोली पाण्याच्या पातळीखाली, तिला खिडकी नाही. हे तो हसत हसत सांगायचा आणि मी दात आवळून ऐकायचे. यावर मी बोटीवरच्या सफाई कामगारांसाठी एकपानी पत्रक लिहिलं, मराठीत आणि खाली हिंदीत. बाबांनी ते संगणकावर न करता स्वतः खिळे जुळवून बसवलं. किती वर्षांनी त्यांची बोटं तशी चालताना मी पाहिली! इंग्रजीतही करू या, असं म्हणाले होते मी, पण बाबांच्या पेट्यांत इंग्रजी खिळे नाहीत. आणि तळाला त्यांनी नेहमीची ओळ टाकली: प्रकाशक म्हणून माझं पूर्ण नाव, मुद्रक म्हणून त्यांचं, आणि गाळ्याचा पत्ता.

"ज्या कागदाखाली नाव नाही, तो कागद नव्हे. ती अफवा," हे बाबांचं वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. मला त्यात कधी काही खोट दिसली नाही.

दादाला मी यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो घाबरला असता. घाबरलेल्या माणसाला धीर द्यायचा असतो, त्याला विचारत बसायचं नसतं, असं मला तेव्हा वाटत होतं.

प्रवासाच्या तिसऱ्या सकाळी आई नाश्त्याला गेली असताना मी आमच्या मजल्यावरून निघून चार मजले फिरले. सफाईच्या ढकलगाड्या दारादारांशी उभ्या असतात, त्यांच्यावर धुतलेल्या टॉवेलांच्या चळती. प्रत्येक चळतीत, वरून तिसऱ्या टॉवेलाखाली, मी एकेक घडी सरकवली. शेवटची घडी ठेवून लिफ्टमध्ये शिरले तेव्हा आरशात मी मला आवडले. हे वाक्य लिहिताना मला लाज वाटते, पण ते खरं आहे.

बंदरात

चौथ्या दिवशी सकाळी सँटोरिनी. इथे बोट धक्क्याला लागत नाही. पाण्यातच उभी राहते, आणि छोट्या होड्यांतून माणसांना कड्याच्या पायथ्याशी सोडतात. तिथून वर गावात जायला रोपवे. पायऱ्यांनी खेचरंही जातात. पाठीवर माणूस घेऊन ऊन खात चढणारी ती खेचरं पाहून आई म्हणाली, "बाय, माका चालाक लाव, पण त्या जनावरार बसव नको." आईचं माहेर कणकवलीकडचं. घरात ती आमच्यासारखंच बोलते, पण भावना आली की मालवणी येते.

त्या सकाळी तिला भरपूर भावना आलेली होती. दादा साध्या शर्टात, गणवेशाशिवाय, आमच्यासोबत होडीत बसला होता.

"आज काम नाही?" मी विचारलं.

"नाही. आणि आई, ऐक. रजा मिळाली. परवा बोट पायरियसला, अथेन्सच्या बंदराला, लागली की तुमच्याबरोबरच घरी येतोय."

आईने भर होडीत त्याच्या तोंडावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलावर बोटं मोडली. समोरच्या दोन जर्मन बायका बघत राहिल्या.

"गणपतीपर्यंत ऱ्हवशीत मां रे?"

"राहीन की. भरपूर राहीन."

मी मनात म्हटलं, पत्रकाचा परिणाम! घाबरून रजा द्यायला लागले. खरंच असं म्हटलं मी.

दादा या बेटावर कितीतरी वेळा आला होता, पण रोपवेच्या वरच्या टोकाजवळच्या कॅफेपलीकडे कधी गेला नव्हता. तिथे वायफाय फुकट मिळतं. बोटीवरची सगळी पोरं तिथेच बसून घरी फोन करतात आणि वेळ झाली की खाली उतरतात. डोंगरावर जाऊ या, असं मी मुंबईपासून त्याच्या मागे लागले होते आणि तो टाळत होता. त्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, "चला पुढारी, कुठे आहे तुमचा डोंगर?" पुढारी मला तो शाळेपासून म्हणतो.

कड्यावरच्या फिरा नावाच्या गावातून बसने कामारीला गेलो. काळ्या वाळूचा किनारा आहे तिथे. आईने वाळू हातात घेतली, हुंगली आणि टाकून दिली. "जळकी," म्हणाली. कामारीतून एक छोटी गाडी नागमोडी रस्त्याने डोंगराच्या खिंडीपर्यंत नेते. वळणं इतकी अवघड की प्रत्येक वळणाला आई देवाचं नाव घेत होती आणि ड्रायव्हर मागे वळून तिला हसत होता. त्याने मागे वळू नये, एवढ्यासाठी मी तिला गप्प करत होते.

वर

खिंडीपासून वर पायीच जायचं. आधी वारा भेटतो, मग गाव. असा वारा मी मढच्या किल्ल्यावरही पाहिलेला नाही. आपण पुढे पाय टाकतो आणि तो कुठे ठेवायचा ते वारा ठरवतो. आईने बोटीवर मिळालेली कागदी टोपी घातली होती. ती पहिल्याच चौथऱ्याशी उडाली आणि दोरीपलीकडच्या एका तुटक्या खांबाला जाऊन चिकटली. दादा दोरी ओलांडून धावला. लगेच शिट्टी वाजली.

शिट्टी वाजवणारी पहारेकरीण पन्नाशीची, उन्हाने करपलेली, कमरेला चाव्यांचा जुडगा. तिने दादाला हाताला धरून मागे आणलं, स्वतः जाऊन टोपी काढली, आईच्या डोक्यावर ठेवली आणि हनुवटीखाली बोटाने दोरी बांधल्याची खूण केली. आईने पिशवीतून पुडी काढून तिच्या हातावर खाजं ठेवलं. गुळात घोळवलेलं, आल्याचं, मुलुंडहून आणलेलं. बाई ते कडकडा खात आमच्याबरोबर चालू लागली. तिला मोडकं इंग्रजी येत होतं, मला तिच्यापेक्षा थोडं बरं.

गाव म्हणजे डोंगराच्या कण्यावरची एक लांब गल्ली. दोन्ही बाजूंना घरांच्या कमरेएवढ्या भिंती, पाण्याची टाकी, बाजाराचा चौक, समुद्राकडे तोंड करून बसलेलं छोटं नाट्यगृह. दोन्हीकडे खाली समुद्र. पुढच्या टोकाला एक देऊळ होतं, त्याचा आता पाया उरलाय. एका खडकावर कुणीतरी परगावाहून आलेल्या माणसाने गरुड, सिंह, डॉल्फिन कोरून घेतलेत आणि शेजारी स्वतःचा चेहरा.

"इतक्या वर कित्याक ऱ्हवत होते गो?" आईने विचारलं.

"शत्रू लांबून दिसावा म्हणून," मी म्हटलं.

"आणि पाणी?"

"पावसाचं साठवायचे."

"म्हणजे बायकांनी," आई म्हणाली आणि टाकीत डोकावून आली.

हा डोंगर मुलुंडला असता तर एव्हाना याच्यावर चार टॉवर आणि पोडियम पार्किंग झालं असतं, असं दादा म्हणाला. मी त्याला अंधेरीच्या महाकाली गुंफांची आठवण करून दिली. शाळेच्या सहलीत आम्ही गेलो होतो आणि त्याने तिथे खांबावर खडूने नाव लिहिलं होतं. बाईंनी ते त्याच्याच रुमालाने पुसायला लावलं होतं.

"मग इकडे बघ," मी म्हटलं, कारण ती पहारेकरीण आम्हाला तेच दाखवायला नेत होती.

देवळाच्या पुढे एक मोकळा चौथरा आहे. तिथे तरुण मुलं व्यायाम करायची, नाचायची. तिथल्या खडकांवर नावं आहेत. राजांची नाहीत. त्या पोरांची. वेडीवाकडी, उलट्या दिशेनेही चाललेली, काही आपल्या पायाएवढी मोठी अक्षरं. कोण चांगला नाचायचा, कोण शूर होता, एवढंच लिहिलंय, असं बाई म्हणाली. बाकी नुसती नावं. खडक भयंकर कठीण आहे. एक अक्षर कोरायला किती वेळ लागला असेल?

मला भरून आलं. मी बाईला विचारलं, तुमची युनियन आहे का? ती हसली. "आम्ही संप करतो. फाटक बंद. मग तुम्ही लोक खाली उभे राहून चिडता." तिचं काम हंगामापुरतं होतं, थंडीत घरी. तिने घड्याळ दाखवलं, लवकर बंद होतं हे, आणि दुसऱ्या कुणावर तरी शिट्टी वाजवत निघून गेली. आई तिच्यामागे गेली, खाजं कसं करतात ते तिला खुणांनी सांगत.

मी दादाला म्हटलं, "बघितलंस? राजे गेले, नावं राहिली. ज्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलं त्यांची राहिली."

दादाने खिशातून एक घडी काढली. वारा होता म्हणून त्याने ती दोन्ही हातांनी धरली.

"हे तुझं ना?"

आणि मला, खरं सांगते, अभिमान वाटला. "कुठे मिळालं?"

"टॉवेलांत. मलाच मिळालं असतं तर बरं झालं असतं."

मग त्याने सांगितलं. आवाज चढवला नाही. चढवला असता तर मला सोपं गेलं असतं.

त्या चार मजल्यांवर ढकलगाड्या चालवणारे बहुतेक फिलिपिन्सचे आणि इंडोनेशियाचे. त्यांना तो कागद म्हणजे कुणा प्रवाशाचा राहिलेला कागद. एकीने तो दाराच्या फटीत पाचर म्हणून घातला. एका यूपीच्या पोराला हिंदी येत होतं. तो वाचून इतका घाबरला की त्याने तो चावून गिळला की काय कोण जाणे, पण कागद पुन्हा दिसला नाही.

"मराठी वाचणारे आम्ही अख्ख्या हाउसकीपिंगमध्ये चार जण, पुढारी. एक मी. दोघं रजेवर. चौथा आमचा सुपरवायझर, वसईचा. एक घडी नेमकी त्याच्या हाती लागली."

मी त्याच्या हातातल्या कागदाची तळाची ओळ पाहिली.

"त्याने मला बोलावलं. तळाच्या ओळीवर बोट ठेवलं. आडनाव माझंच. घरचे म्हणून तुम्ही दोघी बोटीवर, तेही त्याला माहीत. पण माणूस वाईट नाही तो. दार लावून म्हणाला, बाबा, एकदाच सांग की ही बाई तुझी कुणी नाही. आडनावं सारखी असतात कोकणात. मी वर तसंच लिहून देतो."

"मग?"

"मग काय मग. मी म्हटलं, माझीच बहीण आहे. आणि मुद्रक माझे वडील आहेत."

वाऱ्याने कागद फडफडत होता. त्याने तो पुन्हा घडी करून खिशात घातला.

"का म्हणालास?" मी विचारलं.

"मला काय माहीत! तोंडातून निघून गेलं. बाहेर आलो आणि मग कळलं, गाढवा, काय केलंस. बेकरीचा कागद सही होऊन आला होता गं. पांढरा कोट माप घेऊन शिवायला दिला होता."

"मी जाते त्यांच्याकडे. मी सांगते की तुझा काही संबंध..."

"तू आता काहीही सांगायचं नाहीस." पहिल्यांदा तो कडक झाला. "त्यातली एक ओळ खोटी नव्हती. मी नीट वाचलं. चांगलं लिहिलंयस. पण सगळं माझं होतं ना त्यात? ताप माझा, खोली माझी. तू मला एकदा विचारलंस?"

"तू नको म्हणाला असतास."

"हो. म्हणालो असतो."

कामगारांना विचारल्याशिवाय निर्णय घेणाऱ्या मालकांविरुद्ध मी किती पानं लिहिली असतील! पायाखालच्या खडकावर कुणाचं तरी नाव होतं. त्याच्यावरच मी उभी होते. शिट्टी वाजली, आणि ती माझ्यासाठी होती.

लांबून आई हाका मारत होती. पहारेकरणीने तिला सुकी अंजिरं दिली होती आणि ती आम्हाला दाखवायला हात उंच करून उभी होती.

"तिला मुलुंडला पोचेपर्यंत सांगायचं नाही," दादा म्हणाला. "बोटीचं कौतुक पुरं होऊ दे तिचं." आणि तो ओरडला, "आई, एकटीच संपवू नकोस!"

खाली

कामारीला परत आलो तेव्हा भूक लागली होती, निदान त्या दोघांना. किनाऱ्यावरच्या एका साध्या खानावळीत टोमॅटोची भजी मिळाली. या बेटावर छोटे, दाट चवीचे टोमॅटो होतात, त्यांची. आईने एक मोडून पाहिलं. "बेसन नाय. मैदो आसा. आणि पुदिनो." तिने तीन खाल्ली. दादाने पावाचा तुकडा उचलला, वरची कडक साल नखाने वाजवून पाहिली, कानाशी नेली, मग आत बोट दाबून पाव कसा परत वर येतो ते बघत राहिला. बऱ्याच वेळाने खाल्ला.

"बोटीर असोच करतलंस?" आईने विचारलं.

"याच्यापेक्षा बरा," तो म्हणाला.

मी पाणी प्यायले.

फिराला पोचल्यावर कड्याच्या काठावरून आमची बोट दिसली. इतक्या वरून ती बाथरूममधल्या साबणाच्या डबीएवढी. आईने डोळ्यांवर हात धरला. "आमची खोली खंय? ती वरची? आणि तुझी रे?"

"माझी दिसत नाही आई. पाण्याखाली आहे."

"मग तुका मासे दिसत असतीत."

"खिडकीच नाही गं."

आईने डोळ्यांवरचा हात काढला. मग म्हणाली, "घराक चल बाबा. चल घराक." आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आनंदाचं, कारण तो येतच होता.

मुलुंड

बाबांना दादाने पहिल्याच दिवशी सगळं सांगितलं, गाळ्यात, उभ्याउभ्या. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "नाव होतं ना खाली?"

"होतं."

"आणि हा नाही म्हणाला नाही."

"नाही."

बाबांनी चष्मा काढून पुसला. त्यांना मुलाचा अभिमान वाटत होता. तो अभिमान बघणं मला डोंगरावरच्या कशाहूनही जड गेलं. पत्रकाचे जुळवलेले खिळे त्यांनी अजून सुतळीने बांधून ठेवले होते. दुसरी आवृत्ती काढायची म्हणाले, दादाच्या हकालपट्टीची हकीकत घालून. इंग्रजी खिळेही कुठूनतरी आणतो म्हणाले. दादा बाहेर गेला.

आईला नंतर कळलं. गणपतीत दादा घरी होता. आरतीच्या वेळी आईने त्याच्याकडे पाहिलं नाही; जिच्यासाठी तिने होडीत बोटं मोडली होती ती रजा नव्हतीच.

भरती करणारा एजंट आता फोन उचलत नाही. दोन दुसऱ्या कंपन्यांना दादाने अर्ज केले, उत्तर आलं नाही. तो सकाळी उठून चादरीची घडी कोपऱ्याला कोपरा लावून घालतो, अगदी बोटीवर घालायचा तशी, आणि मग दिवसभर करण्यासारखं काही उरत नाही.

एका मासिकाने मला या प्रवासाबद्दल लिहायला सांगितलं. या वेळी मी विचारलं. आयुष्यात पहिल्यांदा मी दादाला विचारलं, लिहू का? तिसऱ्या दिवशी चहाचा कप धुताना, माझ्याकडे पाठ करून तो म्हणाला, "लिही. पण डोंगराचं लिही."

"आणि नावं?"

"कुणाचंच नको. तुझंही नको."

डोंगराचं लिहायला बसले तर एवढंच आठवलं. बोटीचं नाव घातलेलं नाही, दादाचं नाही, माझं नाही. ज्यांनी खडकावर लिहिलं ती पोरं बरी. त्यांच्या नावामुळे त्यांच्या भावाला कुणी बोलावून घेतलं नाही.

अंक घरी येईल तेव्हा बाबा तो हातात घेतील आणि नेहमीप्रमाणे आधी या लेखाच्या तळाची नावाची ओळ बघतील. तिथे काहीच नसेल.